आप्पासाहेबांची भरली टाकी

“काका, बिनउसाचं पेट्रोल मिळंल का?”

संस्कृतीनं काष्टीच्या पंपावर हे मोठ्यानं विचारलं. तिची मैत्रीण ज्ञानेश्वरी आणि आणखी दोघी, यांनी तशी पैजच लावली होती.

पंपावरचे सहादेवकाका हसले. “तुझ्या बापाचाच ऊस मुरलाय त्यात. बिनउसाचं कुठून आनू?”

मुली खिदळल्या. पण मित्रांनो, तिनं ते माझ्यासाठी विचारलं होतं. गोरक्षकाकांच्या गॅरेजातून मला ढकलत घरी नेताना चौघी तिथं थांबल्या होत्या. मी तिच्या आजोबांची, आप्पासाहेबांची, निळी मोपेड.

नव्वद साली मी या घरात आले. संस्कृतीच्या आजीनं, साळूबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून मी डेअरीवर जायचे. आप्पासाहेब टोपणभर ऑईल मोजून पेट्रोलात घालायचे आणि म्हणायचे, “भरल्या टाकीला गंज चढत न्हाई.” कुठं परगावी जायचं झालं की आधी माझी टाकी काठोकाठ भरायचे.

गेल्या वर्षी आप्पासाहेब गेले. त्यांच्या मुलानं, सुनीलनं, वडिलांचा शब्द पाळला. टाकी गच्च भरली, वर ताडपत्री घातली. सोळा वर्षं पूर्ण झाली की संस्कृतीच मला चालवणार, असं तिनं आजोबांना कबूल केलं होतं ना!

पण पेट्रोल आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. उसापासून कारखान्यात इथेनॉल बनतं, ते त्यात मिसळतात. नव्या गाड्यांना ते पचतं. माझ्या पोटात मात्र त्यानं हवेतली ओल ओढली, तळाशी पाणी साठलं. रबरी नळी फुगली, कार्बुरेटर जाम झाला. मला ओरडून सांगायचं होतं, पण मोपेडला हॉर्नशिवाय तोंड नसतं आणि हॉर्न तर केव्हाच गेला होता.

आज मी सुरूच होईना, म्हणून मला गॅरेजात नेलं, तेव्हा गोरक्षकाकांनी टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून दाखवलं. खाली तांबूस पाणी.

“सुनीलराव, टाकी भरून ठिवली व्हय? आता असली गाडी उभी करायची तर रिकामीच करावी लागती.”

सुनीलनं बाटली हातात घेतली. “म्हंजे मीच मारली की हिला.”

मित्रांनो, मला त्याचा राग नाही. त्यानं माया केली, फक्त काय भरतोय ते विचारलं नाही. तुमच्या दारात एखादी म्हातारी गाडी असेल, तर तेवढं विचारा. बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळालं तर तिला तेच पाजा.

घरी पोचलो, तर गॅरेजातून पुढं निघून आलेला सुनील ओसरीवर होता. “शनिवारी बाजारात भंगारवाला येतो, देऊन टाकू,” तो खाली बघत म्हणाला.

“पोरीला नवी स्कूटर घेऊ,” ज्योती, तिची आई, हळूच म्हणाली.

संस्कृतीनं मला स्टँडवर लावलं आणि बाह्या वर सारल्या.

“पप्पा, मम्मी, मला स्कूटर नको. दहावीचा शेवटचा पेपर झाला की सुट्टीभर मी गोरक्षकाकांच्या गॅरेजात जाणार. हिला मी खोलणार आणि मीच जोडणार. नाही जमलं, तर मग खुशाल द्या भंगारात. आता तेवढी एक बादली द्या, टाकी रिकामी करायचीय.”