पाहुण्यांची खुर्ची

मी एक बुटकी खुर्ची बोलतेय. पाइनच्या लाकडाची, जेमतेम गुडघ्याएवढी, पाठीवर हरीण कोरलेलं. हसू नका, ग्वातेमालाच्या डोंगरात आमच्या नावाला नावाच्या गावात अशाच खुर्च्या करतात. ज्या सुताराने मला घडवलं त्यानेच मला पाठीवर लादलं आणि कपाळाला पट्टा लावून बाजारात आणलं. म्हणजे आधी मी माणसावर बसले, मग आयुष्यभर माणसं माझ्यावर!

तिथे मला तेक्लाने विकत घेतलं. तिच्या घरची माणसं चटईवर बसतात, ती स्वतः गुडघे टेकून मागावर कापड विणते. मी फक्त पाहुण्यांसाठी. भिंतीला टेकून वाट बघायची, एवढंच माझं काम. आज कोण येणार? जड की हलकं? बडबडं की घुमं? ही उत्सुकता म्हणजे माझी जन्माची खोड.

एकदा मात्र पाहुणे मला शिवलेसुद्धा नाहीत. तेक्लाच्या थोरल्या लेकीला, पास्क्वालाला, मागणी घालायला आले होते ते. पाव आणि चॉकलेटची टोपली पुढे ठेवून सगळे चटईवर गुडघे टेकून राहिले. आमच्यात रीतच तशी. मुलगी मागायला आलेला माणूस होकार मिळेपर्यंत खुर्चीवर बसत नाही. दुपारी तेक्ला 'हो' म्हणाली, तेव्हा कुठे मुलाचा बाप माझ्यावर टेकला. पास्क्वाला दोन डोंगरांपलीकडे गेली, ती गेलीच.

मागे राहिली धाकटी तालीन. बाप समुद्राकडच्या उसाच्या मळ्यांत राबायचा, घरात मक्याचीच मारामार. पोरीची शाळा सुटायची वेळ आली. तेव्हा मास्तरीणबाई रोसेंदांनी एका संस्थेत तिचं नाव घातलं आणि दूर डेन्मार्कच्या ब्रिगिटबाईंनी तिच्या शाळेचा खर्च उचलला. तालीन पाचवीपर्यंत पोचली. मग एके दिवशी निरोप आला, बाई भेटायला येतायत.

"तेक्ला, परकी बाई तुझ्या पोरीला उगाच शिकवते होय?" शेजारीण मिकाएला म्हणाली. "कोंबडीला दाणे घालणारा शेवटी काय मागतो गं?"

"तुझ्या जिभेला काही हाड?" तेक्ला खेकसली. पण त्या दिवशी मला घासताना तिने माझा एकच पाय तीनदा घासला, ते मला कळलं.

मास्तरीणबाईंना दुभाषी म्हणून सोबत घेऊन ब्रिगिटबाई आल्या. इतक्या उंच, की दारात वाकावं लागलं. तेक्लाने मला पुढे सरकवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चटईवरच्या माणसांकडे पाहिलं. घरचे खाली आणि आपण वर कसं बसायचं, असं वाटलं असेल बिचारीला. त्या हसल्या, मानेनेच नको म्हणाल्या आणि चटईवर गुडघे टेकले. वर पिशवीतून टोपली काढून पुढे ठेवली. पाव आणि चॉकलेट!

तेक्लाच्या हातातली पेज सांडली. तिने तालीनचा दंड धरून तिला पाठीशी ओढलं.

"मास्तरीणबाई, सांगा त्यांना! पोरगी मिळायची नाही. शाळा बंद करायची तर करा. एक दिली मी, ही नाही देणार!"

रोसेंदांना आधी काही उमगेना. मग त्यांनी टोपली पाहिली, रिकामी मी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! टोपली मीच आणायला सांगितली, रिकाम्या हातांनी जाऊ नका म्हणून. गुडघे टेकायला कुणी सांगितलं होतं यांना!"

सगळं समजावून सांगितल्यावर बाईंचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. त्या घाईघाईने काही बोलल्या. "म्हणतायत, मी मागायला नाही आले," रोसेंदांनी सांगितलं. "पोरगी शिकतेय कशी, तेवढं डोळ्यांनी बघायचं होतं."

"मग खाली काय बसल्यात?" तेक्ला रडता रडता हसली. "पाहुण्या ना तुम्ही? वर बसा की!"

बाई बसल्या. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले. मी करकरले, पण दम धरला. तालीन तोंडावर हात धरून हसत सुटली. बाईंनी कोंबडीचा रस्सा दोनदा मागून घेतला.

गंमत बघा. बाईंनी तालीनला नेलं नाही, पण शाळेने नेलंच. सहावीनंतरचं शिक्षण शहरात. कुणी गुडघे टेकले नाहीत, टोपली आणली नाही, तरी तेक्लाने आपल्या हातांनी तिचं गाठोडं बांधलं. त्या दिवशी ती कितीतरी वेळ मागाला हात न लावता बसून होती. मला फार वाईट वाटलं.

आता माझ्या एका पायाला तार गुंडाळलीय, हरणाचं शिंग झिजलंय. तालीन शहरात नर्स आहे. परवा गावच्या जत्रेला आली, तेव्हा तेक्लाने शालीने मला पुसून तिच्यापुढे ठेवलं.

"बस. दमून आली असशील."

"मी काय पाहुणी आहे, आई?" तालीनने मला पायाने भिंतीकडे सरकवलं आणि चटईवर आईला चिकटून बसली. तेक्लाने नुसता तिचा हात धरून ठेवला.

मी तशीच रिकामी राहिले, आणि रिकामं राहण्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. तेव्हा मंडळी, या म्हाताऱ्या खुर्चीचं एवढं ऐका. कुणी तुमची खुर्ची नाकारून खाली बसलं, तर घाबरू नका, रागावू नका. आधी विचारा, मागायला आलात की घरी आलात?