कच्च्या शाईचं लुगडं

हिरामणने बहिणीच्या हातातली लुगड्याची घडी धरून ठेवली, सोडेचना.

"रंगू, हे न्हाय. हे लग्नाला नेसायचं हाय पोरीनं."

"दादा, सोड!" रंगूबाईने घडी ओढली. "बापाच्या घरचं लुगडं अंगावर असतानाच पोरीची हळद उतरवायची. लग्नाला सासरचंच. वहिनी असती तर तुला कळलं असतं."

घडी गेली. वडपे गावातल्या घराच्या अंगणात बायकांनी चादरींचा आडोसा केला होता आणि आत त्याची लेक तुळजा हळदीने माखून पाटावर बसली होती. बायकांच्या राज्यात बाप्याला विचारतो कोण!

हिरामण भिवंडीत एका पेढीवर लूमवर विणलेल्या कापडाच्या ठाणांवर शिक्के मारी. बायको गेल्यावर पोरीला त्यानेच वाढवलं. चौऱ्याहत्तर सालच्या त्या वैशाखात लग्न ठरलं, तसा त्याला हुरूपच चढला. झिजलेल्या चपलेच्या रबरातून ब्लेडने पानं, वेली, पोपट कोरले. मग भिंत म्हणू नका, रांजण म्हणू नका, तुळजाची पत्र्याची पेटी म्हणू नका, समोर येईल त्यावर शिक्के उमटवत सुटला. शेवटी कोऱ्या कापडाचं लुगडं छापायला घेतलं. पेढीवर पक्की शाई होती, पण काळी. नवरीच्या अंगावर काळं कसं चालेल? म्हणून त्याने हिरवी आणि लाल वापरली. ती कच्ची, ठाणांवरच्या खुणांपुरती, धुलाईत निघून जावी म्हणूनच केलेली. हे त्याला का ठाऊक नव्हतं? "हे कधी धुवायचं न्हाय हां," असं लेकीला बजावून तो निर्धास्त झाला होता. हळदीचं न्हाणं मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"रंगू, पाणी नको घालू! रंग जाईल!" तो आडोशाकडे धावला.

एका म्हातारीने त्याला मागे ढकललं. "बापाला आत्ताच रडू फुटलं गं बाय!"

बायका खो खो हसल्या. लग्नाची गाणी इतक्या जोरात सुरू झाली, की त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू येईना. मध्येच आतून तुळजाचा आवाज आला.

"आत्या, ऊन पाणी नको. थंड घाल. आन् थोडंच घाल."

"थंड पाण्यानं हळद निघते का, येडे?"

तांब्यामागून तांब्या रिता झाला. चादरीखालून पाणी वाहत आलं. आधी पिवळं, मग हिरवं, मग लालसर. हिरामणने पाय मागे घेतले. त्याचा जीव नुसता तुटत होता. आजच पोर सासरी, कशेळीला जाणार. आता दुसरं लुगडं आणणार कधी आणि छापणार कधी?

तुळजा बाहेर आली. लुगडं डागाळून अंगाला चिकटलं होतं. रंगूबाईचं तोंड उतरलं होतं.

"शाई कच्ची हाय, येवढं आधी सांगायचं न्हाय का, दादा?"

तुळजाची उजवी मूठ गच्च आवळलेली होती, पदराचं टोक आत धरून.

"बाबा, एक पोपट ठेवलाय मी. पाण्याला लागू दिला न्हाय."

तिने मूठ उघडली. घामाने ओलं झालेलं टोक पांढरंच होतं. पोपट तिच्या तळहातावर उतरला होता, फिसकटलेला. ती हाताकडे नाही, बापाच्या तोंडाकडे बघत होती.

हिरामणने दोन्ही हातांनी तिची मूठ मिटवली.

"हाय," तो म्हणाला. "पोपट हाय. आता मूठ उघडू नको."