काकूबाईचं लग्न

मालिकेत चार मैत्रिणी एका खोलीत राहत. त्यांतल्या जुन्या वळणाच्या, स्वप्नाळू मुलीला बाकीच्या काकूबाई म्हणत. मुलानं घरी येऊन वडीलधाऱ्यांसमोर मागणी घालावी, एवढाच तिचा हट्ट. दर भागात तो हट्ट फसे आणि लोक पोट धरून हसत.

काकूबाई करणारी नटी मात्र हल्ली घरी जायला घाबरे. आईचं भान सुटत चाललं होतं. पडद्यावरचं सगळं तिला लेकीचंच वाटे. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि आई रोज विचारी, "आला का गं तो मागणी घालायला?"

नटीनं लेखकाचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. "काकूबाईचं लग्न जमवा. एकदाच."

"जमलं की तिला हसणार कोण, बाई?" लेखक चष्मा पुसत म्हणाला. "फार तर स्वप्नात जमवतो. घड्याळाचा गजर होईल, ही दचकून उठेल, मैत्रिणी हसतील."

तिनं तेवढ्यावरही मान डोलावली. गजर वाजला रे वाजला की टीव्ही बंद करायचा, असं तिनं ठरवलं.

भाग लागला तेव्हा ती आईला खेटून बसली, रिमोट मुठीत. पडद्यावर मुलगा दारात आला आणि मालिकेत भरलेला हशा उसळला.

"कोण हसतंय गं तुला?" आईचा चेहरा पडला.

तिनं घाईघाईनं आवाज बंद केला. "कोणी नाही. शेजारचे असतील."

"तो काय म्हणतोय?"

संहितेतला विनोद तिच्या तोंडून निघेना. "म्हणतोय, तुमची लेक मला द्या. सुखात ठेवीन."

"मग हो म्हण की. लाजतेस काय?" आईनं हात पडद्याकडे उचलला. "सुखी राहा रे बाळांनो."

नटी आईकडेच बघत राहिली. गजराची वाट बघायची होती, आणि आवाज तर तिनंच बंद केला होता. मान वळवली तेव्हा काकूबाई अंथरुणात एकटीच उठून बसली होती आणि मैत्रिणी लोळून लोळून मुक्यानं हसत होत्या.

तिनं बटण दाबलं.

"गेला का गं तो?"

"कामाला गेलाय, आई."

आई काळ्या पडद्याकडे बघत राहिली. "डबा दिलास?"

"दिला."

"मग येईल रात्रीपर्यंत." आईनं उशी सरकवून दाराकडे तोंड केलं. "तू जेवून घे. मी जागी आहे."

दाराकडे पाहायची नटीची हिंमत झाली नाही.