खामपूनबाईंची झाडं

"जावईबापू, जुडी बांधताय की पोथी वाचताय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे पान मोडत नाही."

फाकवान हे आमच्याकडचं भाजीच्या पाल्याचं रानझाड; त्याची कोवळी पालवी मुठीत दाबली की कुरकुरत मोडते. हे पान नुसतं वाकलं. दुसरं घेतलं, तेही वाकलं. असलं पान एका वेगळ्याच झुडपाचं. दिसायला फाकवानचं जुळं भावंड, पण पोटात गेलं की माणूस ओकून ओकून मरतो. थायलंडच्या ईशान्येला, आमच्या इसानात, उन्हाळा लागला की असं काहीतरी कानावर येतंच.

खामपूनबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चाळीस वर्षं या बाजारात रानातली फाकवान विकतात. इतरांकडे गिऱ्हाईक पान मोडून बघतं, त्यांच्याकडे नाही. घरात कुणाला ताप आला तर उकळून प्यायला फाकवानची मुळीही लोक त्यांच्याकडूनच नेतात. त्यांची झाडं कुठे आहेत हे मात्र पोटच्या पोरीलाही ठाऊक नाही. मी तर पडलो घरजावई. आमच्याकडे सगळेच घरजावई, त्यामुळे त्याची लाज वाटत नाही, पण त्या झाडांपायी अकरा वर्षं माझ्या जिवाला चैन नाही. एकदा गुपचूप मागे गेलो, तर बाईंनी मला दुपारपर्यंत काट्याकुट्यातून फिरवलं आणि रिकाम्या टोपलीनं घरी आणलं.

त्यांनी माझ्या हातातलं पान घेऊन दाबलं. मग टोपलीतली दहा-बारा पानं दाबली. एकही मोडलं नाही.

"तोंगसुकनं सकाळीच एक जुडी नेलीय," त्या म्हणाल्या. "गाडी काढा."

निघण्याआधी सगळी टोपली त्यांनी खड्ड्यात पालथी केली आणि भर बाजारात ओरडून सांगितलं, "माझ्या पाल्यात विष निघालंय! कुणी हात लावू नका गं!"

गाडीवर मला गप्प राहवेना. "आई, तुमच्या झाडांत हा पाला आला कुठून?"

मागून आवाज आला, "झाडांपर्यंत गेलेच नाही. गुडघे चालत नाहीत. बांबूच्या बेटाजवळ दिसली, तिथंच खुडली."

"आणि मोडून नाही पाहिलीत?"

"चाळीस वर्षं स्वतःच्याच झाडांची खुडली. ती कशाला मोडून बघायची? ती सवयच नाही हाताला."

मला फार वाईट वाटलं. मी गाडी आणखी दामटली.

तोंगसुक, सासूबाईंचं जुनं गिऱ्हाईक, चुलीपाशी बसून पळी तोंडाकडे नेत होता. "काय खामपून, वासावर आलीस होय?"

सासूबाईंनी पळी हातातून उडवली. "चाखलंस?"

"अगं, तोंड भाजेल म्हणून फुंकत होतो! काय झालं काय?"

त्यांनी पातेलं उचललं आणि परसात नेऊन ओतलं, वर माती लोटली.

"मुंग्यांची अंडी होती त्यात!" तोंगसुक कळवळला. "झाडावर चढून काढली. मुंग्यांनी मला फोडून खाल्लं, आणि तू..."

"पाला विषारी होता. चूक माझी."

सासूबाई खाली बसून पातेलं घासू लागल्या.

"पुढच्या बाजाराला एक जुडी जास्त दे, फिटलं," तो हळूच म्हणाला.

"पुढच्या बाजारापासून हे आणतील." त्या माझ्याकडे वळल्या. "ऐका, जावई. डोंगरामागचा ओढा ओलांडला की..."

तिथेच, परक्या माणसासमोर त्या सांगू लागल्या. दुसऱ्याच्या झाडाची जागा ऐकणं आमच्यात चोरीसारखंच. तोंगसुकनं त्यांच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं, मूठभर वाळू घातली आणि आमच्याकडे पाठ करून खराखरा घासत सुटला. पातेलं कधीच लख्ख झालं होतं. सासूबाई बोलत होत्या तोवर तो थांबला नाही, आणि मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.