जाड तार

हॉस्पिटलवाल्यांना चिठ्ठी हवी होती. घरातली लाइन ठीक आहे, ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालेल, कुठे ठिणगी उडणार नाही, असं लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने लिहून द्यायचं, मगच पेशंटला घरी सोडणार. पेशंट म्हणजे काकू. आणि माझ्या दुकानात चिठ्ठी मागायला आले होते ते त्यांचे यजमान. निवृत्त बसड्रायव्हर, सत्तरीच्या पुढचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा नीट लावलेलं.

"डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा," काका म्हणाले. "तिला घरी यायचंय गं. आपल्या खाटेवर. बाकी काही मागत नाही ती."

मी पिशवी उचलली आणि म्हटलं, चला. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळेच म्हणतात, नवरा तर सगळ्यांत आधी. पण कामासाठी मी कुणाला ताटकळत ठेवत नाही.

घरात शिरले तर काकांची तयारी आधीच झालेली. खाट खिडकीपाशी सरकवलेली, वर नवी चादर, मशीनसाठी कोपरा पुसून ठेवलेला आणि खाटेला लागून एक खुर्ची. "मी इथे बसणार," म्हणाले, आणि बसूनही दाखवलं. मला हसू आलं.

लोड काढायला पाच मिनिटं लागली. दोन पंखे, फ्रिज, चार दिवे, गिझर आणि स्वयंपाकघरात एक भला मोठा ओव्हन. काकू त्यात केक-बिस्किटं करून विकायच्या. ओव्हन आणि गिझर बंद ठेवले तर मशीन आरामात चालणार होतं.

"झालं तुमचं काम," मी म्हणून बसले. काकांनी लगेच खिशातून फोन काढला, हॉस्पिटलला कळवायला.

"थांबा हो, मीटरपाशी एकदा बघू दे."

मीटर बाहेर, जिन्याखाली. मेनचा फ्यूज उपसून हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. दोऱ्याएवढी बारीक तार हवी तिथे तांब्याची जाड तार, तीसुद्धा दुहेरी पिळलेली! अहो, फ्यूजचं कामच ते, की घराने जास्त ओढलं तर आधी आपण जळायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं. ही तार जन्मात जळली नसती. मग ताप जाणार कुठे? मी हातमोजे घातले, खांबावरून येणारी वायर भिंतीच्या पाइपातून जिथे बाहेर निघते तिथे बॅटरी मारली. वरचं आवरण काळंठिक्कर. जरा धक्का लागला तर करपलेल्या भाकरीसारखे तुकडे पडायला लागले. आतली तार उघडी.

"कुठल्या दीडशहाण्याने केलंय हे?" मी जिन्याखालूनच ओरडले. "अख्खी वायर भाजून काढलीय मेल्याने! कळत नाही तर हात कशाला लावायचा म्हणते मी! असल्या माणसाचे हातच बांधून ठेवायला पाहिजेत!"

"मी केलंय," काका मागून म्हणाले.

फोन अजून त्यांच्या हातात होता.

मग हळूहळू सांगितलं त्यांनी. ओव्हन लावला की फ्यूज उडायचा. केक मध्येच बसायचा, ऑर्डर जायची, काकू रडकुंडीला यायच्या. काका ड्यूटीवर, आणि काकूंना स्टुलावर चढून तार बांधायची भीती वाटायची. मग एका रविवारी यांनी जाड तार घातली. "पंधरा वर्षांत एकदाही उडाला नाही. ती सगळ्यांना सांगायची, आमच्या यांना सगळं येतं."

मी म्हटलं, चिठ्ठी नाही देता येणार. ऑक्सिजनच्या घरात अशी वायर म्हणजे सरणच रचायचं. विजेच्या ऑफिसातून नवी वायर टाकून घ्यावी लागेल.

"म्हणजे माझ्यामुळे अडलं?"

"मग काय माझ्यामुळे?" मी म्हणाले.

असं म्हणाले मी. तापलेली होते, आणि तापले की माझ्या तोंडाला लगाम नसतो. पण म्हणाले खरी.

त्याच दुपारी ऑफिसात गेले. दहा दिवस लागतील म्हणाले. मी तिथे असा काही तमाशा केला की साहेब केबिनमधून बाहेर आले. दहाचे चार झाले. शेजारून तात्पुरती वायर ओढू म्हटलं तर हॉस्पिटल ऐकेना, घरचीच लाइन हवी. मी रोज सकाळी ऑफिसात जाऊन उभी राहायचे, विसरायला नको त्यांनी म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकांचा फोन आला. "पोरी, आता घाई नको करूस."

त्या दिवशी मी ऑफिसात गेले नाही.

चौथ्या दिवशी ऑफिसची माणसं वायर घेऊन आलीच. काकांनी त्यांना परत पाठवलं नाही. आतलं जोडायला मी गेले. खाट खिडकीपाशीच होती, चादरीवर एक सुरकुती नव्हती. काका खुर्चीत बसले होते. नातेवाईक आतल्या खोलीत हळू आवाजात बोलत होते.

काम संपवून मी नवा फ्यूज बसवला. काका जिन्याखाली आले.

"तिला मी सांगितलं होतं, ऑफिसवाले उशीर करतायत," ते म्हणाले. "माझं नाव घ्यायची हिंमत नाही झाली. तर ती काय म्हणाली ठाऊकाय? म्हणाली, अहो, तुम्हाला येतं की. लावा एक जाड तार आणि न्या मला घरी. शेवटपर्यंत तेच. लावा ना, लावा ना."

मी पक्कड पुसत राहिले.

"खरं सांग. त्या तारेनेच जळली ना वायर?"

"नाही हो काका," मी म्हटलं. जमेल तितक्या मऊ आवाजात म्हटलं. "जुनीच होती वायर. उन्हापावसाने अशी होते. तारेचं काही नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तू चिडली होतीस," ते म्हणाले. "तेव्हा खरं बोललीस. आज गोड बोलतेयस."

त्यांनी खाली पडलेला जुना फ्यूज उचलला आणि माझ्यासमोर धरला. दुहेरी पिळलेली तार अजून त्यातच होती. पीळ अगदी एकसारखे, मन लावून घातलेले.

"चिड ना गं माझ्यावर," काका म्हणाले. "घरातले सगळे मला बिचारा म्हणतायत. तू तरी चिड. तिच्या वतीने एकदा ओरड."

आयुष्यभर येता-जाता ज्याच्या-त्याच्यावर ओरडत आले मी. त्या म्हाताऱ्यासाठी तोंड उघडलं, आणि नाही आलं हो ओरडता. नुसतं रडू आलं.