धाग्याने कोरलेला दात

वरच्या पुढच्या दाताच्या कडेला एक खाच होती. जेमतेम दीड मिलिमीटर खोल, आतून गुळगुळीत. कीड अशी खाच पाडत नाही. किडीचा खड्डा खडबडीत आणि काळपट असतो. ही खाच एका धाग्याने पाडली होती. जाळं शिवताना नायलॉनचा धागा दातांनीच तोडायचा, ही सातपाटीच्या कोळ्यांची जुनी सवय. माणसाच्या शरीरात दाताच्या वरच्या थराइतकं कठीण दुसरं काही नाही. त्यातून एका बारीक धाग्याने वर्षानुवर्षं घासून आपली वाट काढली होती. मी पाहतच राहिलो.

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. तुमच्या भिंतीवर टांगलेला असतो तो नव्हे. दातांचे डॉक्टर तोंडात घालून पाहतात तो; लांब दांड्याचा, रुपयाच्या नाण्याएवढा. बोईसरच्या एका लहानशा कारखान्यात माझ्या दांड्याला चकाकी आली. तिथल्या कामगाराने मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "जा बेटा, सबके मुँह में झाँकना!" सगळे हसले. तेव्हापासून पालघरच्या एका सरकारी दवाखान्यात मी तेच करत आलो.

प्रत्येक रुग्णानंतर मला धुतात आणि उकळत्या पाण्याहूनही तापलेल्या वाफेत ठेवतात. सुरुवातीला मला तिची भीती वाटे. तोंडात शिरताच श्वासाने माझ्यावर धुकं धरतं, म्हणून डॉक्टर हेमांगी मला आधी गालाला आतून क्षणभर टेकवतात. मी कोमट झालो की धुकं धरत नाही. मग जिथे त्या माणसाची स्वतःची नजर कधीच पोहोचलेली नसते, ती जागा मला दिसते. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी मला देवळात शिरल्यासारखं वाटतं.

"आरशाने दुखत नाही," असं मुलं म्हणत, तेव्हा मला अभिमान वाटे. पुढे माझ्या काचेच्या कडेला ओरखडा पडला, नवे आरसे आले आणि मी राखीव ट्रेमध्ये गेलो. तिथे बरेच महिने मला कोणी हात लावला नाही. पावसाळ्यातल्या एका सकाळी रुग्णांची गर्दी झाली, तो ट्रे उघडला गेला, आणि मला ती खाच दिसली.

दात बळवंत तांडेलांचा होता. खरं दुखणं मात्र खालच्या जबड्यात होतं. उजवा गाल सुजला होता. सोबत बायको सुलू होती. बळवंत यापूर्वीही येऊन गेले होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की जाळी शिवायची असत, म्हणून "आता नाय". नारळी पौर्णिमेनंतर होडी निघे, म्हणून "आता तं नायच".

डॉक्टरांनी पडद्यावर एक्स-रे दाखवला. "तांडेल, ही काळी सावली बघा. मेलेल्या दाताच्या मुळाशी पाण्याची गाठ झाली आहे. तिने हाड पोखरलंय. खाली उरलंय ते एवढंच." जबड्याच्या कडेला एक पांढरी, बारीक रेघ होती. "आणखी थांबलात, तर सुका बोंबील चावतानाही जबडा मोडेल. ऑपरेशन मोठ्या रुग्णालयात, सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर होईल. तुम्हाला खर्च नाही."

"कार्ड नको," बळवंत म्हणाले. "ते ठेवलंय."

"ठेवलंय?" सुलू म्हणाली. "लोणचं हाय काय ते, मुरायला?"

"दातासाटी कार्ड घालवायचं? एकदा वापरलं का संपलं. उद्या तुज्या छातीत परत कळ आली तं?"

एवढी वर्षं हा माणूस कोणासाठी दुखणं गिळत होता, ते सुलूला आता कळलं.

"कार्ड एकदा वापरून संपत नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "मर्यादा असते, पण ती दर वर्षी नवी होते. यांच्यासाठीही राहील."

"आनि ही पोकळी? ती कशानं भरनार?"

"हाडच भरून काढतं. गाठ निघाली की हळूहळू इथे नवं हाड येतं."

"आपसूक?"

"आपसूक."

बळवंत त्या काळ्या सावलीकडे बघत राहिले. ट्रेमधून मीही बघत होतो. जो दात एका धाग्याने झिजला, तो पुन्हा वाढणार नव्हता. पण त्याच माणसाचं हाड अंधारात, कोणी न सांगता, स्वतःला पुन्हा घडवणार होतं. वेळेत संधी मिळाली तरच.

मित्रांनो, धागा कात्रीने कापा. आणि तुमच्या घरी कोणी असं कार्ड पेटीत जपून ठेवलं असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि ते कोणासाठी जपलंय ते विचारा.

सुलूने डोळे पुसले आणि पडद्यावरच्या बारीक रेघेवर बोट ठेवलं. "एवड्याशा दोरावर होडी बांदाल काय, तांडेल? जबडा मोडला तं जल्मभर पेज मलाच भरवावी लागंल."

बळवंतांनी जिभेने पुढच्या दाताची खाच चाचपली.

"जाळी थांबतील," ते म्हणाले. "कार्ड काढ, सुले. ह्याच बंदीत आपरेशन करायचं."