पृथ्वीगोलाची खोळ

"सोळा तास म्हणजे सोळा तास," टेलरमास्तर फोनवर म्हणाले आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर टेप पुन्हा ताणून धरली.

"मामा, तिकिटावर साडेदहा लिहिलंय. विमान थेट आहे," पलीकडून भाची म्हणाली.

"लिहिणाऱ्याचं काय जातंय? पाय तुझ्या आईचे सुजणार."

मास्तरांचं गणित साधं होतं. त्यांचा मुलगा राहतो तिथे विमान दोन तासांत पोचतं आणि नकाशावर ते अंतर दोन बोटं भरतं. ताईचं, म्हणजे भाचीच्या आईचं, परदेशातलं गाव सोळा बोटांवर. डॉक्टरांनी ताईला अकरा तासांच्या वर सलग बसायला मनाई केली होती. चाळीस वर्षं ज्या टेपच्या जिवावर घर चाललं, तिला खोटं पाडायचं म्हणजे अतीच झालं. आईला भावाकडे आणायच्या नादात भाची तास कापून सांगतेय, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

मागून ताईचा आवाज आला, "भाऊ नको म्हणतोय ना? मग राहू दे. उद्या तिकीट परत कर."

फोन ठेवल्यावर मास्तरांना स्वतःचाच राग आला. ताईनेच त्यांना पहिला टाका घालायला शिकवलं होतं. आठ वर्षांत भेट नव्हती. तिच्यासाठी हौसेने शिवलेला कोट दुकानात खुंटीला लटकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतल्या बाई पृथ्वीगोल घेऊन दुकानात आल्या. "धूळ बसते हो याच्यावर. एक खोळ शिवून द्या."

मास्तरांनी गोलाचा घेर मोजला, उंची मोजली. मग बाई समोर आहेत हे विसरून टेपचं एक टोक आपल्या गावावर ठेवलं, दुसरं ताईच्या. टेप ताणली तशी ती आपोआप वर, उत्तर ध्रुवाच्या बर्फाकडे सरकली आणि बरीचशी हातात शिल्लक राहिली. त्यांनी मुलाचं अंतर मोजलं. ताईचं त्याच्या पाचपट भरलं, वर थोडं; म्हणजे दोनाचे दहा तास आणि वर थोडं.

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "इतकी वर्षं लोकांच्या पाठी मोजतोय. पाठीचं माप कधी सपाट टेबलावर घेतलं नाही, आणि गोल पृथ्वीचं मात्र भिंतीवर घेत बसलो."

बाईंना काही कळलं नाही, तरी त्या हसत सुटल्या. मास्तरांनी तोवर फोन लावला होता. "तिकीट परत केलं नाहीस ना गं?"

"नाही मामा. तुमचा फोन येईल म्हणून थांबले होते."

पंधरा दिवसांनी भर दुपारी विमान उतरलं. दहा तास चाळीस मिनिटं, असं मास्तरांनी बायकोला तीनदा सांगितलं. तेवढ्यात भाचीच्या पुढे, सामानाची गाडी स्वतः ढकलत ताई बाहेर आली. मास्तरांनी तिला तिथेच सोबत आणलेला कोट चढवला.

बाह्या बोटांवरून खाली आल्या. खांदे उतरले.

"माप चुकलं रे तुझं," ताई म्हणाली.

माप वहीतलंच होतं, आठ वर्षांपूर्वीचं. तेवढ्या काळात ताई दोन बोटं लहान झाली होती. तरी मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या जाईना.

"हो ताई, चुकलंच," ते म्हणाले. आपल्या कॉलरमध्ये खोचलेल्या टाचण्या काढून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्येच उभं राहून, त्यांनी तिची बाही दुमडायला घेतली.

"टाचणी सरळ लाव," ताई म्हणाली.